रेनिएरच्या नावापुढचा रकाना

हिबारा या बेटावरच्या बंदरगावातल्या एका आळीच्या रहिवाशांची वही एनेइदा लेइवाने एकतीस वर्षं सांभाळली. ती शाळेच्या कचेरीत टंकलेखक होती. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव नाकासमोर चालणारा, त्यामुळे आळीच्या समितीने वही एकदा तिच्याकडे दिली ती दिलीच. कोण सोळा वर्षांचं होऊन मताला लायक झालं, कोण लग्न होऊन आलं, कोण बदलीवर गेलं, कोण वारलं, सगळं तिच्या हातचं. मतदान जवळ आलं की त्या वहीवरून यादी व्हायची आणि रेशनच्या दुकानाच्या दारावर लागायची.

आता या निवडणुकीला निवडणूक का म्हणायचं, हा प्रश्न आळीत कुणी मोठ्याने विचारत नसे. संसदेत जेवढ्या जागा, तेवढेच उमेदवार. त्यांचे फोटो आणि थोर कार्य औषधाच्या दुकानाच्या काचेवर लावायचं आणि मग लोकांचा कौल घ्यायचा. म्हणजे बस्ता बांधून झाल्यावर मुलगी पसंत आहे का, असं विचारण्यातला प्रकार. एनेइदाला मात्र त्यात थट्टा दिसली नाही. सकाळी सातला दार उघडलं की रांगेत पहिली ती. मतपत्रिकेच्या वरच्या गोलात एक फुली मारायची, सगळ्यांना एकदम मत देऊन टाकायचं आणि घरी यायचं. अलीकडे मात्र तिचा जीव मतदानापेक्षा त्या दिवशीच्या दुपारीतच जास्त अडकलेला असे.

त्याचं कारण रेनिएर. तिचा एकुलता एक मुलगा. २०१६ च्या नोव्हेंबरात, दोन दिवस मासे धरायला जातो असं सांगून तो घरातून निघाला आणि आणखी दोघांबरोबर टायरच्या ट्यूबा आणि पिंपं बांधलेल्या तराफ्यावरून उत्तरेला गेला. पुढे काही कळलं नाही. पत्र नाही, फोन नाही, प्रेत नाही. त्या दोघांच्या आयांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग चर्चमध्ये मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणवून घेतल्या. एनेइदाने ना प्रार्थना म्हणवली, ना वहीतलं नाव कापलं.

नाव यादीत राहिलं की काय होतं, तर मतदानाच्या दिवशी दुपारी तीन वाजता समितीचा माणूस मत द्यायचं राहिलेल्या लोकांच्या दारात जातो आणि पूर्ण नाव घेऊन हाक मारतो. या आळीत ते काम दारिएलकडे होतं. दारिएल आणि रेनिएर पहिलीपासून एका बाकावर बसलेले. तो फाटकाशी उभा राहून मोठ्याने म्हणायचा, "रेनिएर पुपो लेइवा!" आणि आतून एनेइदा म्हणायची, "तो घरी नाही."

दारिएल कागदावर खूण करायचा, आत यायचा, रेशनवर मिळणारी, भाजलेले वाटाणे मिसळलेली ती कडूजहर कॉफी प्यायचा आणि निघायचा. दोघंही वेड पांघरून पेडगावला जात, आणि आळीला ते ठाऊक होतं. एरवी त्या घरासमोर रेनिएरचं नाव कुणी काढत नसे. शेजारणी तर बोलता बोलता जीभ चावायच्या. त्यामुळे मतदान आलं की तेवढं एकदा ते नाव मोठ्याने ऐकायला मिळे.

२०२३ च्या मार्चमध्ये हे बंद झालं. तोवर आळीतल्या दर तिसऱ्या घराला कुलूप लागलं होतं. तरुण माणसं, व्हिसा लागत नाही म्हणून, विमानाने निकाराग्वाला जात आणि तिथून पायी वर, युनायटेड स्टेट्सकडे. यादीत नावं आणि केंद्रावर शुकशुकाट, मग टक्केवारी कशी दिसणार? वरून हुकूम आला, याद्या साफ करा. दारिएल छापील तक्ता घेऊन आला. नाव, आणि पुढे कारणाचे तीन रकाने: पत्ता बदलला, परदेशी गेला, मृत.

"मावशी, परदेशी लिही," तो खाली बघत म्हणाला. "मेला असं कोण म्हणतंय?"

"देशाचं नाव विचारलंय इथे."

"युनायटेड स्टेट्स लिही. सगळे तेच लिहितात."

एनेइदाने चष्मा पुसला, नाव कापलं, आणि दारिएलने सांगितलं तेच तिच्या सुरेख अक्षरात लिहिलं. तिसऱ्या रकान्यापासून तिने मुलाला वाचवलं होतं. त्या समाधानात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना तिच्या लक्षात आलं की आपण काय लिहून बसलो. परदेशी गेला म्हणजे पोचला. पोचला, तिकडे राहतोय, खातोपितोय आणि सहा वर्षांत आईला एक शब्द कळवत नाही. आळीत अशी पोरं होती. त्यांच्या आयांची ती मनातल्या मनात कीव करायची आणि त्या पोरांना नावं ठेवायची. आज स्वतःच्या हाताने तिने आपल्या मुलाला त्यांच्या रांगेत बसवलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि सांगणार तरी कुणाला?

मतदानाच्या रविवारी सकाळी सात वाजता रांगेत एनेइदा नव्हती. आठ झाले, बारा झाले, तरी नव्हती. केंद्रावर कुजबुज सुरू झाली. तीन वाजता दारिएल फाटकाशी आला. बरोबर वरच्या कचेरीतून आलेली समितीची एक बाई होती. त्याने घसा साफ केला.

"एनेइदा लेइवा!"

ती दारात आली. घरातलाच झगा, पायात काही नाही.

"त्याला एकदा हाक मार, मग येते," ती म्हणाली.

"मावशी, ते नाव यादीत नाही."

"ठाऊक आहे. मीच कापलंय."

त्या बाईने घड्याळाकडे पाहिलं. दारिएलने बाईकडे पाहिलं, मग कागदाची घडी करून खिशात घातली. पूर्ण नाव त्याच्या तोंडून निघेना. शाळेत जाताना याच फाटकातून मारायचा तशी त्याने हाक मारली, "रेई..."

एनेइदा चौकटीला धरून उभी होती. नेहमीचं उत्तर ओठांवर आलं, पण तिने ते गिळलं.

"तो नाही रे," ती म्हणाली.

दारिएलने मान खाली घातली. एनेइदाने दारामागच्या चपला पायात सरकवल्या, ओळखपत्र घेतलं आणि फाटक लावून घेतलं. रस्त्यावर आल्यावर तिने त्याच्या दंडाला धरलं.

"तो रकाना बदल, पोरा. तिसऱ्यात लिही. माझा रेनिएर पोचला असता, तर त्याने मला कळवलं असतं."