निखारे फुलेपर्यंत

माझी आत्या बावीस वर्षं कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते, अजून कोळशाचीच. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच.

एम.ए.च्या निबंधासाठी मला मिळालेली कादंबरीही एका न शिकलेल्या इस्त्रीवालीनेच सांगितलेली. तीनशे पानं, आणि बाई सतत मध्येच तुटते. मुलगा कसा गेला ते सांगताना "त्याचे हात" म्हणते, आणि पुढची ओळ थेट नळावरच्या भांडणाची. हातांचं काय झालं ते चाळीस पानांनी कळतं. माझं डोकं उठलं. सरांचं मत मात्र तयार होतं, आम्ही ते मुकाट उतरवून घेतलं होतं: अशिक्षित मनाला काळाचा क्रम पेलत नाही.

एका दुपारी लॉन्ड्रीत बसून मी ती पानं आत्याला वाचून दाखवली. ती कॉलर दाबत होती, हूं की चूं नाही. मग इस्त्रीत नवे कोळसे भरून पुठ्ठ्याने वारा घालू लागली, तेव्हा बोलली.

"निखारे फुलले असतील तिचे."

फुलेपर्यंत बोलायचं, फुलले की तोंड बंद, नाहीतर कापड जळतं, असं तिने सांगितलं. पुढच्या वेळी वारा घालताना जे वर येईल ते बोलायचं. "तिला सगळं आठवतंय गं. तिला वेळ कोण देतंय?"

घरी येऊन तपासलं. प्रत्येक तुटलेल्या ओळीआधी कोळसे लाल झालेले होते. आमच्यातल्या एकालाही दिसले नव्हते.

निबंधात मी तळटीप दिली: माझी आत्या, इस्त्रीकाम, बावीस वर्षं. सरांना मुद्दा फार आवडला. तळटीपेवर त्यांनी लाल रेघ मारली. हा तुमचाच शोध म्हणून मांडा, म्हणाले, आत्या म्हणजे काही संदर्भग्रंथ नव्हे. वर्ग हसला. मीही हसल्यासारखे ओठ हलवले, त्याचा राग अजून गेलेला नाही. त्याच पानाखाली सहा टीकाकारांची नावं होती. त्यांतल्या एकानेही जन्मात रुमाल सरळ केला नसेल.

मी निबंध परत मागून घेतला. तळटीप जशीच्या तशी ठेवून पुन्हा दिला आणि आत्याला सांगितलं.

"मार्क जातील, बाळा," ती वारा घालत म्हणाली.

"जाऊ देत."

"हे बघ, तुझ्या वयाची असताना मला पण..."

इस्त्रीवर टाकलेला थेंब चुर्र करून उडाला. तिने ढिगातला सदरा ओढला. अजून अकरा होते. मी बसून राहिले.