मी खोटा ठरवलेला मेसेज

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको होती तोवर तिच्यापाशीही नाही. तुम्ही ओळखीचे नाही — बरं आहे.

माझी शाळा तिसरीपर्यंत. वाचतो, पण अक्षराला अक्षर लावत, ओठ हलवत. गावाला हे ठाऊक नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच — वयाचा मान म्हणून केलं, मी मिरवलंही. फोटो बघायचो. लांबलचक लिहिलेलं आलं की अंगठा दाखवून मोकळा.

अफवांचे दिवस होते. पोरं पळवणारी टोळी आली म्हणून शेजारच्या गावात एका भंगारवाल्याला मरेस्तोवर मारलं होतं. मग ठाण्यात आम्हा अ‍ॅडमिनना बजावलं, खोटं फिरलं तर आधी तुम्हाला उचलू. त्यांचं तरी काय चुकलं?

मग पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या रफिकनं ग्रुपवर गावच्या पाण्याविषयी काही लिहिलं. मी हॉटेलात बसलो होतो, भोवती दहा माणसं. ठाण्यातल्या जमादाराचा फोन आला — "आबा, ते पाण्याचं खरं का खोटं?" मेसेज हातभर लांब. दहा जणांपुढं ओठ हलवू? मी — मी वाचलाच नाही.

"खोटं हाय साहेब. लई शहाणा हाय त्यो."

रफिकला दिवसभर ठाण्यात बसवलं, आबाच खोटं म्हणतात असं ऐकवून माफी लिहून घेतली. मी ग्रुपला कुलूप घातलं. आता फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात एकट्यानं मेसेज वाचला. गावच्या बोअरचा पाइप फुटलाय, गटाराचं पाणी आत जातंय, उकळून प्या. बस, एवढंच.

लिहायचा हक्क एकट्या मला होता. लिहिलं का? नाही. माझा शब्द खाली पडला असता. बायकोला मात्र म्हणालो, पाणी उकळ. "कावून?" म्हणाली. म्हणालो, घसा धरलाय. शेजारची सरूबाई त्याच बोअरवरून घागर आणताना रोज दिसायची. तिला मी हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी घराघरात जुलाब. सरूबाईला बीडला नेलं. परत आणलं ते जाळायलाच.

सरण पेटल्यावर कुणीतरी म्हणालं, "रफिक खरं सांगत हुता की बे!"

"मग आबा खोटं कसं म्हणले?"

"ठाण्यातून दाब आला आसंल. आबा काय करतील?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली — हो म्हणून.

रफिक माझ्यापासून दोन हात अंतरावर उभा होता. त्यानं पाहिलं.