टपावरचं तिरपं पॅनल

१४ डिसेंबर २०२३. सहा हजार सातशे पन्नास रुपये. साहेबरावांच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर सोलर पॅनल तिरपं करता येईल अशा लोखंडी स्टँडचा हा भाव लातूरच्या पंचाक्षरी वेल्डरने सांगितला. सपाट बसवलं असतं तर बाराशेत भागलं असतं.

साहेबराव माझे शेजारी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी नोकरी मुक्कामी गाड्यांवर गेली. संध्याकाळी गावात पोचायचं, गाडीतच झोपायचं, पहाटे परत फिरायचं. कधी मुरुड, कधी चाकूर, कधी धर्माबाद. अशा रात्री त्यांची बायको सरजाबाई घरात एकट्या. निवृत्तीनंतर त्यांनी नवऱ्याकडे एकच मागितलं.

"तुम्ही जिथं जिथं झोपलात, तिथं मलाबी एकेक रात न्या."

म्हणून गाडीत पलंग आला, बॅटरी आली. सरजाबाईंना दमा. रात्री वाफेचं मशीन लागतं. ते चाललं तरच मुक्काम.

"सपाट बसवा मामा," पंचाक्षरी म्हणाला. "चालत्या गाडीतबी चार्जिंग होतंय."

"थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो. सपाटावर ऊन कमी लागतंय," साहेबराव म्हणाले.

"अन् टपावर चढणार कोण?" सरजाबाईंनी विचारलं. "घरातला पंखा पुसा म्हटलं की गुडघे दुखायलेत म्हणता."

मीही तिरप्याच्याच बाजूने बोललो. खर्च एकदाच, वीज रोज जास्त.

जानेवारीत दोघे लातूरजवळच्या मुरुडला गेले. पोचले तेव्हा ऊन वर आलं नव्हतं. साहेबरावांनी टपावर चढून पॅनल दक्षिणेकडे नीट कलतं केलं आणि बायकोला गाव दाखवायला निघाले. गाडी मात्र कडुनिंबाखाली उभी होती. एसटीच्या ड्रायव्हरचा हात गाडी सावलीलाच लावतो, त्याला विचार लागत नाही.

रात्री जेवणानंतर सरजाबाईंना दम लागला आणि सावलीत बॅटरी भरलीच नसल्याने मशीन मध्येच बंद पडलं. साहेबरावांनी गाडी तशीच लातूरच्या दवाखान्यात आणली. सरजाबाई सावरल्या. डॉक्टरांनी बाहेरच्या मुक्कामाला कायमची मनाई केली.

आता गाडी अंगणात भर उन्हात उभी असते. बॅटरी रोज भरते. संध्याकाळी सरजाबाई आत पलंगावर जाऊन बसतात. साहेबराव स्टिअरिंगवर.

"आज कोणतं गाव?"

"चाकूर."

"स्टँडवर कोण हाय?"

"दगडोबा चहावाला. शटर ओढायलाय."

"त्याला म्हणावं, थांब जरा. मी पहिल्यांदाच आले."

मग दोघे उतरतात आणि घरात झोपायला जातात. धर्माबादचं नाव साहेबराव अजून घेत नाहीत. मुक्कामाच्या गावांतलं ते शेवटचं आहे.

पंचाक्षरीचे सातशे पन्नास रुपये देणे बाकी आहे.