हनुवटी वर गेली की सम

दत्ताभाऊ मोहिते गेल्याचं मला सामंतांनी फोनवरून सांगितलं. सामंत आमचे पेटीवाले. सकाळची शाळा करून मी नुकतंच घरात पाऊल टाकलं होतं, पायातल्या चपला तशाच होत्या. रबाळ्याच्या कारखान्यातली पाळी सुटल्यावर दत्ताभाऊ ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं चालत होते. खड्डा चुकवायला दोन पावलं आत आले आणि मागून टेम्पो आला. "जागीच," एवढंच सामंत म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, की ड्रायव्हर सगळ्यांना हात जोडून एकच सांगत होता, मी हॉर्न दिला होता, दोन-तीनदा दिला होता. त्यानं खरंच दिला असणार... कुणाचा तरी राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्या माणसावर रागावायलासुद्धा जागा नव्हती.

याला आता सहा आठवडे झाले. गिरगावातलं बिऱ्हाड हलवून आम्ही वाशीच्या सिडकोच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा इथे माझं गाणं ऐकायला कुणी नव्हतं आणि साथीला तर नव्हतंच. शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात बंद दाराआड तानपुरा घेऊन बसायचं, असं वर्षभर चाललं होतं. एका सोसायटीच्या सत्यनारायणाला भजनं म्हणायला बोलावलं, तिथे तबल्यावर दत्ताभाऊ होते. मूळचे साताऱ्याकडचे, गावातल्या भजनात हात तयार झालेला, रबाळ्याला प्रेसवर पत्रे कापायची नोकरी, नेरूळला एका खोलीचं घर. पहिल्याच अभंगात मी अंतऱ्यावर जरा रेंगाळले, तर हा माणूस माझ्याबरोबर रेंगाळला. मी वळून बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, जणू विचारत होते, आता कुठं जायचं?

गाणाऱ्याला साथ मिळणं म्हणजे काय, ते ज्याला मिळालीय त्यालाच कळतं. मैफलीत बोलायला वेळ नसतो. लय जरा चढवायची असली की मान किंचित हलवायची, विस्तार अजून करायचाय हे बोट उचलून सांगायचं, आणि एकच बोल तीनदा घेऊन समेवर आणणारी तिहाई जमली की दोघांनीही हसू दाबायचं. दत्ताभाऊंना यातलं काहीच सांगावं लागत नसे. माझ्या मनात यायच्या आत त्यांच्या बोटांत आलेलं असायचं. चार-पाच वर्षांत पनवेलपासून ऐरोलीपर्यंत आम्ही कुठे कुठे गायलो-वाजवलो. कार्यक्रम झाल्यावर लोक म्हणायचे, काय मेळ आहे तुम्हा दोघांचा! मला वाटायचं, माझ्या गाण्यातच तसं काहीतरी असेल. तेव्हा गर्व होता, तो आज कबूल करते.

काही गोष्टी मला दिसत होत्या, पण मी त्यांचा अर्थ लावला नाही. ते बैठकीत माझ्या अधिकाधिक जवळ सरकायला लागले होते. पेटीच्या लाकडाला गुडघा टेकवून बसायचे. तबला लावताना दोन्ही कानांनी ऐकल्यासारखं करायचे आणि मग सामंतांकडे बघायचे. सामंतांनी मान हलवली की हातोडी खाली. त्यांच्या शेजारच्या पीसीओवर फोन केला तर येणार कायम वहिनी. त्यांची बायको सुमनवहिनी माझा निरोप घ्यायची, आत जाऊन विचारून यायची आणि उत्तर द्यायची. माणूस संकोची आहे, एवढंच मी धरून चालले.

मग सीवूड्सच्या एका मंडळाचा कार्यक्रम आला. मंडळानं व्हिडिओ शूटिंगवाला बोलावला होता, त्यांना त्याचं भारी अप्रूप होतं. मध्यलयीतली बंदिश रंगात आली होती. तेवढ्यात तो शूटिंगवाला स्टेजवर चढला आणि त्यानं हातातला हॅलोजन आमच्या दोघांच्या मधोमध पेटवला. प्रकाशाचा झोत सरळ दत्ताभाऊंच्या तोंडावर. मी तान घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले आणि तबल्याची सम आलीच नाही. दोन मात्रांनंतर आली. पुढच्या आवर्तनात आणखी मागे पडली. मी मांडीवर जोरात ताल दिला, शेवटी चक्क तोंडानं "सम" म्हणाले. समोर हसू फुटलं. दत्ताभाऊ डोळे बारीक करून त्या उजेडातून मला शोधत होते... आणि एकाएकी त्यांनी हात थांबवला. पंजा तबल्यावर उपडा ठेवून, मान खाली घालून बसून राहिले. मी त्यांच्याकडे रागानं बघितलं. ते त्यांना दिसलं नाही, एवढीच देवाची कृपा.

मागच्या खोलीत मी त्यांना फाडफाड बोलले. ते शांतपणे माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आवाज खाली आणून, जवळजवळ पुटपुटत विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

"आता उजेड सरला, म्हणून कळतंय तुमी काय इचारताय ते," ते म्हणाले. "मशिनीनं कान खाल्लं, ताई. दोन वर्सं झाली. पेटी गुडघ्यातनं कळती जराजरा. तुमचं गानं न्हाई येत."

"मग वाजवत होता कसे?"

"तुमच्या तोंडाकडं बघून. समंच्या आदी तुमची हनुवटी वर जाती. तान सपत आली की डावा डोळा बारीक हुतो. तुमाला म्हाईत न्हाई त्ये."

मला खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षं मी ज्या माणसाच्या दादेवर गात होते, त्याच्यापर्यंत माझा एक स्वर पोचत नव्हता. त्याची दाद माझ्या चेहऱ्याला होती. हे सुख म्हणायचं की फसवणूक, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही नीट कळत नाही.

वहिनी आणि मी त्यांना वाशीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आतली नस गेली आहे, आता मागे फिरणं नाही, असं त्यांनी सांगितलं. कानात घालायचं यंत्र आणलं. दत्ताभाऊंनी ते लावून तबल्यावर एक थाप मारली आणि लगेच काढून ठेवलं. डब्यात खडे वाजवल्यावाणी येतंय, म्हणाले.

त्यानंतर मी जे केलं, ते लिहिण्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला. पुढचा कार्यक्रम नेरूळला होता. तिथल्या चिटणीस बाईंनी सांगितलं, शूटिंग आहे, सीवूड्ससारखी रिस्क नको, दुसरे तबलजी बघा. मी हो म्हणाले. दत्ताभाऊंना सांगायला दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा चहा प्यायले, इकडचंतिकडचं बोलले आणि परत आले. माणूस माझ्या तोंडाकडे इतका एकाग्र होऊन बघत असताना मला ते वाक्य उच्चारता येईना. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते तबल्याच्या पिशव्या दोन्ही खांद्यांना लावून आले, तेव्हा स्टेजवर दुसरे गृहस्थ तबला लावत होते. दत्ताभाऊ दारात थांबले. मी खाली उतरले, त्यांच्यासमोर उभी राहिले. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

"ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "समजलं."

पिशव्या भिंतीशी ठेवून ते पहिल्या रांगेत बसले. मी गायले. दुसरे तबलजी तयारीचे होते, पण ते आपल्या हातांकडे बघून वाजवत. समेवर सवयीनं माझी मान उजवीकडे वळायची आणि तिथे मला कुणी भेटायचं नाही. मग मी समोर बघायला लागले. दत्ताभाऊ प्रत्येक समेला मान हलवत होते, एकदाही चुकले नाहीत. त्या दिवसानंतर प्रत्येक कार्यक्रमाला ते येऊन बसत. मी माफी मागितली नाही. मागायची कशी, हे कळेपर्यंत दोन वर्षं गेली आणि मग सामंतांचा फोन आला.

तेराव्यानंतर मी नेरूळला गेले. वहिनी स्वयंपाकाच्या ओट्याशी होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते, लाद्यांकडे बघत. त्यांना मला चहाला साखर किती, एवढंच विचारायचं होतं. ओटा चार हातांवर. तिथूनच विचारता आलं असतं. पण त्या हात पुसून आल्या, माझ्यासमोर खाली बसल्या, माझ्या खांद्याला हात लावला, मी वर बघेपर्यंत थांबल्या. आणि मग ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा करत, आवाज न काढता त्यांनी विचारलं.

मी दोन बोटं वर केली. आपण काय केलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या उठल्या आणि चहा गाळायला लागल्या.