पाण्याची शिट्टी

इरा आणि नील, हे तुमच्यासाठी आहे. इराने या पानाची लिंक पाठवली तेव्हा मी इथले भुतांचे दोन-तीन अनुभव वाचून तिला कळवलं होतं, की या लोकांना झोप पुरत नाही, बाकी काही नाही. माझं मत अजूनही फार बदललेलं नाही. तेहतीस वर्षं सांगलीत मुलींना इंग्रजी शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलीला मी वर्गात उभं करून विचारायची – तू स्वतः पाहिलंस, की कुणी सांगितलं? तोच प्रश्न आता मला कुणी विचारला तर उत्तर असं : मी पाहिलं काहीच नाही. ऐकलं. आणि ऐकणारी मी एकटी नव्हते.

हे लिहायचं कारण तुमचा बाबा. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तो तुमच्यादेखत म्हणाला, "आजी हल्ली लहान मुलासारखी खोटं बोलायला लागलीय." तुम्ही दोघं हसलात. माझा गाल सुजलेला होता, तोंडात टाके होते, म्हणून मी गप्प बसले. आता बसणार नाही.

आमची गल्ली तुम्हाला आठवत असेल. कुपवाड रस्त्याच्या आतली, चौदा घरांची, आपलं घर सगळ्यात पहिलं. नळाला एक दिवसाआड पाणी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, जेमतेम चाळीस मिनिटं. व्हॉल्व्ह आपल्या फाटकाजवळ असल्याने पाणी आधी आपल्याकडे येतं. आलं की मी शिट्टी वाजवते, मग सगळे नळ सोडतात. गल्लीतली निम्मी माणसं कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. शिट्टी चुकली तर त्यांचे दोन दिवस कोरडे. एकवीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे.

शिट्टी तुमच्या आजोबांची. पितळी, साखळीची. सैन्यात पीटी शिकवायचे तेव्हाची. साताऱ्याजवळच्या त्यांच्या गावात निम्म्या घरांतला एकेक माणूस सैन्यात, त्यामुळे तिथे त्या शिट्टीला मान होता. आमच्या गल्लीत त्यांनी ती एकदाही तोंडाला लावली नाही. "मी जवानांसाठी वाजवलीय. बादल्यांसाठी वाजवणार नाही," असं म्हणायचे. आणि वर्तमानपत्र उघडायचे.

आता दाताचं. वरच्या उजव्या बाजूच्या माझ्या दोन दाढा पंधरा वर्षांपूर्वी एकदमच काढल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार. तोंडात कापसाचा बोळा, गाल हा एवढा. मी ह्यांना म्हटलं, आजच्या दिवस तुम्ही वाजवा. हे पेपरातून वर न बघता म्हणाले, "तुझी गल्ली आहे, तूच वाजव." मी बोळा काढला आणि वाजवली. जखमेवरची रक्ताची गाठ निघाली, रक्त थांबेना. रिक्षाने पुन्हा दवाखान्यात. डॉक्टर मला रागावले, हे शेजारी उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. पुढे बारा दिवस मी कण्हत काढले. त्या विषयावर ते पुढे चार वर्षांनी जाईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

त्या जागी दात बसवायचे राहून गेले. या वर्षी इम्प्लांट करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. वरच्या दाढांच्या वर गालाच्या हाडात एक पोकळी असते, सायनस. दाढा गेल्या की खालचं हाड झिजत जातं आणि पोकळी खाली उतरते. माझं हाड दोन-तीन मिलिमीटर उरलं होतं, त्यात स्क्रू धरणार नाही. म्हणून आधी सायनस लिफ्ट. पोकळीच्या तळाला अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं अस्तर असतं, ते अलगद वर उचलायचं आणि खाली हाडाची पूड भरायची. पाच-सहा महिन्यांत तिचं हाड होतं. तोवर अस्तर फाटता कामा नये.

"म्हणजे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून. स्ट्रॉ नाही, फुगा नाही," डॉक्टर म्हणाले.

"शिट्टी?"

"शिट्टी तर अजिबात नाही, आजी. तीन आठवडे. पूड विस्कटली तर सगळं पहिल्यापासून." 

मी शहात्तर वर्षांची आहे. पहिल्यापासून करायला माझ्याकडे फार वेळ नाही, हे मला ठाऊक होतं. घरी येऊन शिट्टी तिच्या डबीत घातली, डबी लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. समोरच्या शोभाला सांगितलं, तीन आठवडे तू ताट वाजव.

मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी शोभाने ताट वाजवलं. पलीकडच्या सहा घरांना ऐकूच गेलं नाही, आणि त्यांनी तिला दिवसभर बोल लावले.

शुक्रवारी सकाळी मी आतल्या खोलीत खुर्चीवर बसून चमच्याने आंबील पीत होते. फाटकापाशी शिट्टी वाजली. मोठ्याने, जवळून. गल्लीत बादल्यांचा आवाज सुरू झाला, आणि दोन मिनिटांत शोभा दारात.

"काय वो आज्जी, डाक्टरनं न्हाई म्हटलंय न्हवं? मी मेली हाय का ताट वाजवायला?"

मी मान हलवली. मी नाही.

"मग कोण, मी? आवं, सगळ्या गल्लीनं ऐकली की."

मी तिला कपाटाकडे नेलं, कुलूप काढलं, डबी उघडली. शिट्टी आत होती, कोरडी, साखळी मी गुंडाळली होती तशीच. शोभाने शिट्टीकडे बघितलं, मग माझ्या कमरेच्या किल्लीकडे. "किल्ली तर तुमच्याकडंच हाय," ती म्हणाली आणि नळाकडे पळाली. तिने तुमच्या बाबाला फोन केला. त्याने पुण्याहून मला. "आई, खरं सांगितलंस तर मी रागावणार नाही." हे वाक्य तो दुसरीत असताना मी त्याला म्हणायचे.

मी वहीत आपलं सोडून बाकीची तेरा घरं लिहून काढली आणि संध्याकाळी गालाला पदर लावून एकेका दारात गेले. कुणाकडे दुसरी शिट्टी आहे का? कुणाकडेही नव्हती. उलट प्रत्येकाने मला विश्रांती घ्यायला सांगितलं, वेडीला सांगतात त्या आवाजात.

रविवारी परत. शोभा तिच्या घरामागच्या नळाशी उभी राहून तुमच्या बाबासाठी व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करत होती – त्याने तिला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, हेही मला नंतर कळलं – आणि बोलता बोलता मधेच शिट्टी आली. "ऐकलं न्हवं दादा? परत फुकली बगा. लय हट्टी हाय म्हातारी." मेसेज गेला. त्याच दुपारी तो कॉल झाला, ज्यात तुम्ही हसलात.

सोमवारी तुमच्या बाबाच्या सांगण्यावरून शोभाने मला पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. "आजी... खरं... सांगा." मी म्हटलं, आधी स्कॅन करा, मग बोलू. स्कॅन झाला. स्क्रीनवर ती पूड पांढऱ्या घुमटासारखी जागच्या जागी होती, अस्तर अखंड. डॉक्टरांनी चित्र मोठं करून पाहिलं. "दोन वेळा जोरात फुंकली असती तर असं दिसणं कठीण आहे," एवढं म्हणाले. मी त्यांना म्हटलं, हे माझ्या मुलाला फोनवर सांगा. आत्ता, माझ्यासमोर.

पुढचं तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलेलं नाही. तुम्हाला फक्त "ग्राफ्ट ओके आहे" एवढं कळलं.

शनिवारी तो इथे आला. दरवेळी दुसऱ्या कुणाची तरी शिट्टी असणार, असा त्याचा नवा शोध होता. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि शोभाचा मेसेज लावायला सांगितला. आधी त्याने तो प्रवासात, घाईत ऐकला होता. आता ऐकला. मग परत. मग फोन कानाला लावून तिसऱ्यांदा.

मी शिट्टी सरळ वाजवते. एकच, लांब, मधली सुट्टी संपल्यासारखी. मेसेजमधली शिट्टी म्हणजे दोन तुटक, मग एक लांब, आणि शेवटी जिभेने घोळवून फर्रकन सोडलेली. सैन्यातून सुट्टीवर आले की आजोबा तुमच्या बाबाला गावच्या माळावर पळवायचे, तेव्हा अशी वाजवायचे.

"आई," तो म्हणाला, "तुला अशी वाजवताच येत नाही."

"नाही येत."

"मग हे..."

"तू सांग."

तो उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. माफी मागितली नाही. त्या बाबतीत तो बापावर गेलाय.

ही त्यांची शिट्टी मी शुक्रवारीच ओळखली होती. बोलले नाही, कारण खोटारडी ठरवली होतीच, वर खुळी ठरायचं नव्हतं. तुम्हाला वाटेल, आजीला बरं वाटलं असेल. नाही. मला संताप आला, तो अजून गेलेला नाही. पंधरा वर्षांपूर्वी तोंडात रक्त असताना मी एक शिट्टी मागितली होती. जिवंतपणी, चार पावलांवर बसलेल्या माणसाकडे. तेव्हा दिली असती तर जखमेवरची गाठ निघाली नसती आणि हे हाड बहुधा एवढं झिजलंही नसतं. आणि आता, जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, न विचारता? सगळ्या गल्लीत मला लबाड ठरवून?

तीन आठवड्यांत पाण्याचे दिवस दहा आले. बुधवारचा तो पहिला सोडला तर नऊही दिवस शिट्टी वाजली. कुणाचंही पाणी चुकलं नाही. एक दिवस मी फाटकात बसून पाहिलं, तर शिट्टी माझ्या मागून, व्हरांड्यातून आली. वळले तर व्हरांड्यात तुमच्या आजोबांची वेताची खुर्ची आणि त्यावर वाळत घातलेला टॉवेल. याचा अर्थ मला लावता येत नाही. डॉक्टरांनाही नाही, तुमच्या बाबालाही नाही. कुणाला येत असेल तर खाली लिहा, पण नीट, क्रमाने.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच्या पहिल्या पाण्याच्या दिवशी मी शिट्टी काढली आणि सव्वासहालाच फाटकाशी उभी राहिले. नळ खाकरला, हवा सुटली, पाणी आलं. मी वाजवली नाही, व्हरांड्याकडे कान लावला. थांबले. समोर शोभा बादली घेऊन उभी होती. माझी कळशी भरली, वाहायला लागली, पाणी पायांवर आलं. तरी थांबले.

मग मीच वाजवली.