भात नव्हे, धान

चंपतरावाची बैलगाडी रामटेककडच्या खेड्यांतून नागपूरच्या इतवारीत धान नेई. माणूस असा, की वाटेत पोतं उसवलं तरी परत येऊन मालकाला सांगेल. म्हणून रुख्मिणीबाई दुसऱ्या कोणाच्या गाडीत आपला माल घालत नसे. बिचारी एकटी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. यंदाचं धान इतवारीत विकायचं अन् तिथूनच थेट दवाखान्यात जाऊन डोळे करून घ्यायचे, असं तिनं ठरवलं होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, आणखी थांबलात तर डोळे हातचे जातील.

पासष्टच्या आसपासची गोष्ट. त्याच हंगामात सरकारनं धान्याच्या विक्रीवर कायदा आणला. तोही टप्प्याटप्प्यानं. पहिले रामटेकचा भाग, नागपूर शहराची पाळी पुढच्या साली. म्हणजे इकडे गुन्हा अन् तिकडे खुला बाजार, आता याला काय म्हणावं! सरकारी खरेदी तर अजून उघडलीही नव्हती. दवंडीवाल्यानं कागदावरचं जसंच्या तसं ओरडून सांगितलं, की भात सरकारलाच विकावा, तालुक्याबाहेर नेऊ नये. गावभर हसू पिकलं. आमच्याकडे भात म्हणजे ताटातला, वरणासंगं खायचा. शेतात पिकतं ते धान. मुंबईकडे शेतातल्या धानालाच भात म्हणतात, हे आम्हाला कोण सांगणार? हुकूम लिहिणारा आमच्या पंगतीला कधी बसलाच नसावा.

रुख्मिणीबाईला तरी शंका आली होती. चंपतरावानंच छातीठोकपणे सांगितलं, "तो कायदा हॉटेलवाल्याइले हाय वं मावशी. आपल्या धानाले काय होते?"

ती निघाली. पोत्यांवर बसून अर्धा रस्ता डुलक्या घेत आली.

कन्हान नदीच्या अलीकडे नाक्यावर गाडी अडवली. म्हातारीला उतरवून चंपतरावानं जरा लांब कडुनिंबाखाली बसवलं अन् नाकेदाराकडे गेला. हात जोडले, पोत्यात हात घालून दाणे दाखवले, हे धान आहे, भात नाही, म्हणून परोपरीनं सांगितलं. नाकेदार त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, यालाच भात म्हणतात बाबा, गाडी-बैल सोडतो, माल जमा होईल. म्हातारीच्या डोळ्यांचं ऐकून त्यानं मान खाली घातली, पण पोती काही सोडली नाहीत. आपल्या शब्दावर विसंबून ती आली, हेच चंपतरावाला खाऊ लागलं.

शिपाई एकेक पोतं खाली टाकू लागले. तो आवाज ऐकून रुख्मिणीबाई हरखली. पदर सावरून तिनं आवाजाकडे तोंड केलं.

"इतवारी आली वाटते गा चंपत. काय भाव लागला?"

चंपतराव जवळ येऊन उभा राहिला.

"बोलत काहून नाही? कमी लागला का? लागू दे." तिनं चाचपडत त्याचा हात धरला. "चाल, दवाखाना बंद होईन."