टाचेवरची मखमली पट्टी

घोट गाव मागं पडलं होतं अन् चामोर्शी अजून लांब होती, तेव्हा माझ्या उजव्या टाचेनं मले रस्त्याकडच्या पुलियावर बसवलं. बूट काढून पाह्यलं तर बोरावढा फोड, पाण्यानं टच्च भरलेला. पहिल्यांदा मनात आलं, महादेवाले माझं येणं मंजूर नाई का? उभ्या जन्मात कोणासमोर थकलो म्हणलं नाई, अन् आता मार्कंड्याचं मंदिर जवळ आलं तर एक फोड मले अडवून राह्यला! शिवरात्रीच्या यात्रेच्या गाड्या भरभरून चालल्या होत्या. एक ट्रॅक्टरवाला थांबला. "बसा ना भाऊ, काऊन पाय घासता?" मी म्हणलं, "तू हो पुढं. मंदिरात मीच तुले परसाद देतो." तो हसत गेला. अन् मी तिथंच, एक पाय बुटात, एक पाय उन्हात.

गाडीत काऊन बसलो नाई ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात माझ्या बायकोले लकवा मारला. उजवा हात गेला. ज्या हातानं तिनं चिखलात धान रोवलं, घर सारवलं, तो हात खाटेवरून खाली लोंबे. मले देवाशी गोड बोलता येत नाई. मी सरळ म्हणलं, "मार्कंडादेवा, हिनं या हातानं पाण्याचा भरला गडवा उचलला पाह्यजे. मी घरापासून तुझ्या पायरीपर्यंत पायानं येतो. चाकावर बसणार नाई." डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम तिच्याकडून रोज करून घेतला. बोटं हालाले लागली, रिकामा गडवा धरता आला. पाण्यानं भरला की हातातून सुटे. शिवरात्र आली तरी तसंच. मग मी म्हणलं, देवानं केलं नाई म्हणून मी काऊन बोल फिरवू? सूनबाई तिले घेऊन बसनं निघाली अन् मी पायी निघालो.

सूनबाईनं मले नवे बूट दिले होते. "बाबा, आधी आठ दिवस घरी घालून फिरा," म्हणे. मी म्हणलं, बुटाले काय शिकवणी लावायची असते? अन् आमच्याकडं लांब चालायचं असलं की पायाले टोळीचं तेल चोळतात, मोहाच्या बियांचं. चपलेच्या पायाले ते चांगलंच. पण बुटात माझा पाय माशावाणी सरके अन् टाच मागच्या कडेवर घासे. मले वाटे तेल कमी पडलं. प्रत्येक सावलीत बसून मी अजून तेल चोळत होतो!

पुलियावर मी बाभळीचा काटा शोधला, फोड फोडून टाकू म्हणून. काटा हातात घेतला अन् वर पाहून म्हणलं, "देवा, माझ्याच्यानं होत नाई आता. तुले आणायचं असन तर आण." हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, मले अजून समजत नाई. तेवढ्यात मागून बायांचा आवाज आला. मुलचेऱ्याकडं बंगाली लोकांची गावं आहेत, तिथल्या बाया होत्या, त्याही पायीच मार्कंड्याले चाललेल्या. त्यातली एक, माझ्या पोरीच्या वयाची, थांबली.

"बाबा, काटा फेको पहले! फोडायचा नाई तो. पिकेल."

तिच्या पिशवीत एक जाड पट्टी होती, वरून मखमलीसारखी, खालून गोंद. मोलस्किन म्हणतात म्हणे. तिची पोरगी फुटबॉल खेळते, तिच्या बुटासाठी घरात असते. तिनं तुकडा कापाले घेतला. मी म्हणलं, "दे इकडं, मी लावतो." परक्या बाईच्या हातात पाय देऊ का मी? घेतला अन् दिला चिकटवून फोडावर. उठलो, आभार मानले, ताठ चाललो. दोन वळणं गेली नाई तर पट्टी निघून मोज्यात गोळा झाली अन् त्याच गोळ्यानं टाच अजून घासली. हापशीजवळ मी पुन्हा बसलो. त्या बाया पाणी पिऊन राह्यल्या होत्या. ती आली, टाचेवरून बोट फिरवलं अन् मोठ्यानं हसली.

"अरे बाबा! तेलावर काय चिपकेल? पापड भी नाही चिपकेगा!"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, काय करतो! मग तिनं विचारलं नाई. माझा पाय मांडीवर घेतला, साबणानं धुतला, पदरानं कोरडा केला. नवीन तुकडा कापला, त्याचे कोपरे गोल केले, म्हणजे मोज्यानं उचकटत नाई. मधात फोडाएवढं भोक पाडलं. फोड भोकात बसला, पट्टी भोवताल. एकावर एक दोन थर लावले, म्हणजे बूट पट्टीले लागन, फोडाले लागणार नाई. वरून चिकटपट्टीनं बांधलं. मग डावी टाच पाह्यली. ती नुसती लाल होती. "इथी आत्ताच लावू. लाल झालं की लावायचं, फोडाची वाट नाई पाहायची."

तिच्या मांडीवर माझा पाय होता अन् मले घरची आठवली. लकव्यात मी तिचे पाय धुवो, तेव्हा ती तोंड भिंतीकडं फिरवून रडे. मले वाटे, धुणं कठीण आहे. त्या दिवशी समजलं, पाय देणं त्याहून कठीण आहे.

उठलो. पहिलं पाऊल भीत भीत टाकलं. दुखलं नाई! दुसरं टाकलं. मी त्या बायांच्या पुढं निघालो, तर ती मागून ओरडली, "बाबा, देव पळून नाही जात!" चामोर्शी कधी आली अन् गेली समजलं नाई. दुरून मंदिराची शिखरं दिसली तेव्हा माझ्या तोंडून अशी आरोळी निघाली की रस्त्यावरची बैलं बुजली. त्या गर्दीत ती बाई कुठी गेली, दिसली नाई. नावही विचारलं नव्हतं.

देवाच्या पायरीवर डोकं ठेवून वैनगंगेवर आलो. घरची सूनबाईसोबत बसली होती. आंघोळीले उतरणार तर पट्टी आठवली, ओली झाली तर निघन. म्हणून काठच्या दगडावर बसलो, दोन्ही पाय समोरच्या दगडावर वर धरून, अन् म्हणलं, "कोणीतरी डोक्यावर पाणी टाका." सूनबाई गडवा भरून आणाले वळली. घरची म्हणली, "थांब वो."

ती पाण्याजवळ वाकली. उजव्या हातानं गडवा बुडवला. अर्धं पाणी तिच्याच लुगड्यावर सांडलं. पण गडवा वर आला! माझ्या डोक्यावर आला अन् ते गार पाणी माझ्या तोंडावरून वाह्यलं.

"अवो, पाय काऊन वर धरून बसले लहान पोरावाणी?" ती म्हणली.

फोड चार-पाच दिवसांनी आपोआप सुकला. व्यायामानं झालं का देवानं केलं, यावर मी कोणाशी भांडत नाई. त्या बाईनं माझा फोड नेला नाई, त्याले बसाले जागा करून दिली, अन् मी चाललो. देवा, पुढच्या शिवरात्रीले आम्ही दोघं येऊ. बूट मी आतापासूनच घरी घालून फिरून राह्यलो. अन् कोणी पाय मागितला तर देईन.